तांबड्या पट्टीतली पांढरी रेघ

म्हैसूरच्या शिवरामपेटेत, रस्त्यापासून दोन पायऱ्या वर, गुंडूरावाचं शिवणकामाचं दुकान आहे. काळे कोट आणि खाकी ही त्याची खासियत. म्हणजे कोर्टात आरोपीच्या दोन्ही अंगांना उभी राहणारी माणसं त्याच्याच कपड्यांत असतात, असं मी त्याला चिडवायचो. तो हसायचा नाही. उलट, मी असं म्हटलं की टेप गळ्यात अडकवून उगाच दुकानाच्या मागच्या बाजूला जायचा.

मी वकील. सव्वीस वर्षं माझा कोट तोच शिवत आलाय, त्यामुळे माझ्या पोटाचा इतिहास माझ्या बायकोपेक्षा त्याला जास्त ठाऊक. पण त्याच्या पोटात काय आहे ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. पोलीस इन्स्पेक्टर गणवेशाचं माप द्यायला उभा राहिला की गुंडूचा हात थरथरायचा. मला वाटायचं, वय झालं. स्वतःला मी मोठा माणसं ओळखणारा समजतो, आणि ही माझी ओळख!

त्याच्या समाजात गुंडू म्हणजे मोठं नाव होतं. विठ्ठलाच्या देवळाभोवतीची ही शिंपी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेली, घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि जवळजवळ प्रत्येक घरात शिवणाचं यंत्र. या सुईदोऱ्याच्या माणसांतून गुंडू सैन्यात गेला, एकाहत्तरची लढाई बघून आला, आणि सेना मेडल घेऊन आला. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला देवळाच्या अंगणात झेंडा फडके तेव्हा तो आपला काळा कोट घालून पहिल्या रांगेत उभा असे. डाव्या छातीवर मेडलची तांबडी पट्टी, मधोमध पांढरी बारीक रेघ. लोक त्या पट्टीकडे पाहत आणि पोरांना पुढे ढकलत, जा, पाया पड.

कारगिलची लढाई संपली त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गुंडू सकाळी सिटी बसनं सरस्वतीपुरमला माझ्या घरी आला. कधी येत नसे. खुर्चीवर बसला नाही. खिशातून वर्तमानपत्राचा घडी घातलेला कपटा काढून त्यानं माझ्यासमोर ठेवला. उत्तरेत कुठेतरी एका माणसाला खोटी पदकं लावून समारंभात मिरवल्याबद्दल पकडलं होतं, एवढीच बातमी.

"रायरे, याला किती होईल?" त्यानं विचारलं. आमच्यासारख्यांना तो मानानं रायरे म्हणतो.

"तुला कशाला पंचाईत? तुझं खरं आहे ना?"

तो होता तिथं जमिनीवरच बसला, आणि मी उठून आधी दार लावून घेतलं.

सांगायला त्याला अर्धा तास लागला. सैन्यात तो होता ते खरं. पण शिंपी म्हणून. लढाईत त्याची नेमणूक होती मैदानी इस्पितळात. तिथं जी माणसं वाचली नाहीत त्यांना दहनाआधी पांढऱ्या कापडात शिवायचं काम त्याचं. तेरा दिवस त्यानं तेच केलं. त्या युद्धात सगळ्यांना मिळालं ते साधं पदक त्यालाही मागाहून मिळालं, ते त्यानं ट्रंकेच्या तळाशी टाकून दिलं होतं.

मग तो परतला आणि मुलगी बघायला गेला. मुलीच्या वडिलांकडे, नरसिंगरावांकडे, दोन स्थळं होती, दुसरा बँकेतला कारकून. उप्पीट-केसरीभाताच्या बशा पुढे होत्या आणि नरसिंगरावांनी विचारलं, "लढाईत तुम्ही काय केलंत?"

"तिथं काय सांगू रायरे? खायला पुढ्यात ठेवलेलं. मी म्हणालो, सेना मेडल मिळालं. अष्टे. तेवढंच बोललो." नरसिंगरावांनी पानाचा डबा फट्‌दिशी मिटला आणि लग्न ठरलं. मुलगी होती वसंता. त्याची बायको.

"आणि पट्टी?"

"लग्नात सगळे म्हणाले, पट्टी लावा. मग मी केली."

"केली म्हणजे?"

इथं मात्र त्याच्या आवाजाला जरा धार आली. खऱ्या पट्टीचे तुकडे त्याच्या हाताखालून शेकड्यांनी गेले होते, पण त्यानं त्यातलं इंचभरही कधी घरी आणलं नव्हतं. "आमच्या घरात चोरी नाही, रायरे." म्हणून त्यानं बाजारातली तांबडी फीत आणली आणि मधली पांढरी रेघ, जी खऱ्या पट्टीत विणलेलीच असते, ती सुईनं घातली. इतकी बारीक, की भिंग लावलं तरी कळू नये. चोरीला नाही म्हणणारा हा माणूस सत्तावीस वर्षं खोटं छातीवर लावून फिरत होता, आणि तरीही चोरीचं नाव काढताच त्याचा मान दुखावला! मला हसू आलं. त्याच्या तोंडाकडे पाहून ते मी गिळलं.

मग मी वकिली सुरू केली. म्हटलं, हे बघ गुंडू, तू बोललास त्याला कायद्यात शिक्षा नाही. बोलायचं स्वातंत्र्य आपल्याला घटनेनं दिलंय, आणि माणसाच्या बोलण्यात निम्मी फुशारकीच असते. ती पकडायला निघालं तर मुलगी बघायला आलेले म्हैसुरातले सगळे जावई आधी आत जातील. तू त्या पदकावर सरकारी जमीन घेतलीस? नोकरी? रेल्वेची सवलत? नाही ना? मग कोणाचं काय गेलं? आणि कोण किती खरं बोललं हे ठरवायचा अधिकार एकदा सरकारच्या हातात दिला की आज खोटं पदक म्हणून पकडतील, उद्या आवडत नाही ते बोलला म्हणून.

"म्हणजे मला काही होणार नाही?"

इथं मी थांबायला हवं होतं. पण सवय वाईट. "बोलण्याला काही नाही," मी म्हणालो. "लावण्याला मात्र आहे. सैनिकाची खूण नसताना लोकांची तशी समजूत व्हावी म्हणून लावली, तर तीन महिने. अर्थात मी वाद घालीन..."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पुढचं त्यानं ऐकलंच नाही. बातमीच्या कपट्याची त्यानं पुन्हा घडी घातली. मग म्हणाला, "बोलण्यालाही कलम हवं होतं, रायरे."

"हं?"

"असतं तर त्या दिवशी नरसिंगरावांसमोर माझी जीभ उचलली नसती. भीती एक दिवस वाटली असती. आता रोज वाटते."

मी त्याला पुन्हा स्वातंत्र्य समजावू लागलो, पण खरं सांगतो, माझा आवाज मलाच पोकळ वाटला. गुन्हेगार शिक्षा मागतोय आणि वकील त्याला मोकळं सोडतोय, असा खटला मी तोपर्यंत चालवला नव्हता.

"मला तुरुंगाची भीती आहे," जाताना दारात तो म्हणाला, "पण वसंताची जास्त. तिनं मला त्या एका वाक्यावर केलंय. बँकेतला सोडून. ती गेली तर मी काय करू? तिला कळता कामा नये. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. वसंतावहिनींना मी ओळखत होतो. शांत बाई. घरी बसून दुकानातल्या कोटांची काजं त्याच करायच्या. डावखुऱ्या होत्या, म्हणून त्यांचा टाका उलट्या बाजूला कलायचा, आणि गुंडू गिऱ्हाइकांना सांगायचा, हे काज आमच्या घरातलं, बघा, बाईसारखंच नवऱ्याच्या विरुद्ध तोंड करून बसलंय.

खाई त्याला खवखवे म्हणतात. त्या दिवसापासून मला गुंडूचं खवखवणं दिसू लागलं. टपालवाल्याची सायकल थांबली की तो कात्री खाली ठेवी. खाकीतला कोणी पायरी चढला की आधी त्याच्या हाताकडे पाही, कागद आहे का. इतके दिवस मी ज्याला म्हातारपण समजत होतो ती भीती होती, आणि ती त्याच्याबरोबर जेवत होती, झोपत होती, माझ्या कोटाच्या बाह्या बसवत होती.

डिसेंबरात देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष पांडुरंगराव दुकानात आले. हा माणूस वाईट नाही, पण उत्साही आहे, आणि ते जास्त धोक्याचं. कृष्णराजनगरच्या आपल्याच समाजातल्या लक्ष्मीदेवीचा मुलगा पद्मनाभ कारगिलला गेला होता, परतला नाही. त्याला मरणोत्तर सेना मेडल जाहीर झालं होतं. सव्वीस जानेवारीला देवळाच्या सभागृहात त्या आईचा सत्कार करायचा. "आणि शाल कोण घालणार? तुम्ही, गुंडूराव! मेडलवाल्याच्या आईला मेडलवाला! तुमच्याच लढाईतले एक कर्नल बेंगळुरूहून येतायत. पत्रिका छापायला दिली."

गुंडूनं मला दुकानातूनच फोन केला. पांडुरंगराव म्हणाले ते सगळं एका दमात सांगितलं. मी म्हटलं, ताप आण. माणसाला ताप येतो. तो म्हणाला, "तापाला कर्नल घरी बघायला येईल, रायरे. फौजेतली माणसं तशी असतात."

पंचवीस जानेवारीला दुपारी तीनच्या सुमारास मी नव्या कोटाच्या ट्रायलला गेलो. खरं म्हणजे त्याला बघायलाच. तो यंत्रापाशी बसला होता, पुढ्यात काही नाही. खुंटीवर त्याचा काळा कोट, इस्त्री करून, उद्यासाठी. त्याचं म्हणणं एकच, सकाळी पहिल्या बसनं कुठंतरी निघून जातो. सोसले गावच्या मठात जाऊन बसतो. कुठेही.

तेवढ्यात पायऱ्या चढून एक बाई आली. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी, बोटांवर शिवणकामानं पडलेले घट्टे. तिनं चप्पल बाहेर काढली.

"गुंडूअण्णा तुम्हीच की? मी लक्ष्मीदेवी. कृष्णराजनगरची."

गुंडू उभा राहिला. त्याचे गुडघे यंत्राला आपटलेले मी ऐकले.

तिनं पिशवीतून मुलाचा गणवेशाचा शर्ट काढला आणि कागदाच्या घडीतून पट्टीचा तुकडा. मुलाच्या पलटणीतला साहेब ट्रंक पोचवायला आला तेव्हा देऊन गेला होता. "मी बायकांचे रवके शिवते, अण्णा. मला हे लावायला येत नाही असं नाही. पण कुठं लावायचं, किती वर, ते गोत्तिल्ला, माहीत नाही. चुकीच्या जागी लावलं तर त्याला बरं दिसणार नाही. तुमचंही हेच आहे म्हणाले, म्हणून आले. उद्या फोटोजवळ टांगायचाय."

गुंडूनं तुकडा घेतला. तिची नजर खुंटीवरच्या कोटाकडे गेली. "हेच ना?" म्हणत ती पुढे झाली, आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं त्या पट्टीवरून बोट फिरवलं. प्रेमानं, पोराच्या पाठीवरून फिरवावं तसं.

बोट मधेच थांबलं. पुन्हा फिरलं. मग तिनं गुंडूच्या हातातला आपला तुकडा घेतला आणि त्याच्यावरून बोट फिरवलं. कर्नल आला असता, जनरल आला असता, कोणाला कळलं नसतं. पण ही शिंप्याची लेक होती. तिला विणलेलं आणि शिवलेलं डोळे मिटूनही वेगळं कळत होतं.

"ही रेघ हाताची आहे, अण्णा," ती म्हणाली.

कोणाचं काय गेलं, असं मीच विचारलं होतं ना? ही बाई समोर उभी होती.

"खोटं आहे," गुंडू म्हणाला. हात जोडून, तिच्याकडे न बघता. "मला मेडल नाही. कधीच नव्हतं. मी शिंपी होतो तिथं."

ती ओरडेल, रडेल, त्याच्या तोंडावर थुंकेल, मला सगळं शक्य वाटत होतं. ती स्टुलावर बसली. "मग लढाईत तुम्ही काय केलंत?" तिनं विचारलं.

तोच प्रश्न. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्याच्या उत्तरात तो खोटं बोलला होता, तोच. या वेळी त्यानं खरं सांगितलं. पांढरं कापड, तेरा दिवस, एकेकाला पायांकडून शिवत वर यायचं, चेहरा शेवटी. टाका लहान घालायचो, म्हणाला, घाई असली तरी. कोणी बघणार नव्हतं, पण मोठा टाका घालवत नव्हता.

लक्ष्मीदेवी ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "माझ्या पोराला घरी आणलं तेव्हा कापड नीट शिवलेलं होतं," ती म्हणाली. "मी आधी ते बघितलं. अशा वेळी टाके काय बघतेस म्हणून सगळे मला बोलले. कोणीतरी त्याचं मनापासून केलंय, एवढंच मला तेव्हा दिसलं." मग तिनं शर्ट गुंडूच्या पुढ्यात ठेवला. "तुम्हीच लावा. आणि खोटं काढून टाका, अण्णा. माझ्या पोराच्या शेजारी ते नको."

त्यानं पट्टी लावली. हात थरथरत होता, टाका नाही. ती शर्ट छातीशी धरून पायऱ्या उतरून गेली.

मग त्यानं खुंटीवरचा कोट घेतला आणि ब्लेडनं स्वतःची पट्टी उसवू लागला. मी म्हटलं, जपून. तो उसवता उसवता थांबला. पट्टी उजेडात धरली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"रायरे," तो म्हणाला, "हा टाका माझा नाही."

"म्हणजे?"

"ही रेघ मी घातलेली नाही. माझा टाका उजवीकडे कलतो. हा बघा, डावीकडे."

मला कळायला क्षणभर लागला. त्याला लागला नाही. तो एकदम पांढराफटक पडला. पोलिसांना पाहूनही मी त्याला इतका घाबरलेला पाहिला नव्हता. "चला माझ्याबरोबर," तो म्हणाला. "मला एकट्याला घरी जाववणार नाही."

वसंतावहिनी ओट्यावर काजं करत बसल्या होत्या, डाव्या हातानं. गुंडूनं पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सुई कापडात खोचून ठेवली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"लग्नानंतर पहिल्यांदा कोटाला इस्त्री केली तेव्हापासून. शिंप्याच्या घरातली मी. हाताला कळणार नाही होय?"

"आणि ही रेघ?"

"तुमचा दोरा पिवळा पडला. लांबूनही दिसायला लागला होता. तुम्ही बघतच नव्हता त्याच्याकडे. कोणी पकडेल म्हणून मी उसवून नवा घातला. दोनदा." त्या थांबल्या. मग एकदम आवाज चढला. "दर सव्वीस जानेवारीला तुम्ही कोट घालून निघालात की मी दारात! तुम्ही परत येईपर्यंत मी पाणी प्यायले नाही कधी. आज कोणी ओळखलं असेल, आज यांना धरून नेलं असेल. सत्तावीस वर्षं. आणि तुम्ही म्हणे शूर!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठं बोललात? मला वाटलं, मला कळलंय हे तुम्हाला कळलं तर तुम्ही जीव द्याल."

एकाच घरात, एकाच कोटापायी दोन माणसं इतकी वर्षं भीत बसली होती, प्रत्येक जण दुसऱ्याला वाचवायला. मी चप्पल घालू लागलो. अशा ठिकाणी वकिलाचं काही काम नसतं.

त्या संध्याकाळीच गुंडूनं पांडुरंगरावांना जाऊन सांगितलं. पांडुरंगराव आधी खाली बसले, मग समाजाची अब्रू म्हणून विनवू लागले. शेवटी म्हणाले, ठीक आहे, सुम्मने, गप्प बसा, मी बघतो.

दुसऱ्या दिवशी सभागृहात गुंडू तिसऱ्या रांगेत बसला होता. अंगात तोच काळा कोट. वर्षानुवर्षांच्या उन्हानं कोट विटला होता, पण पट्टीखालचा तुकडा मूळच्या रंगाचा राहिला होता. डाव्या छातीवर बोटभर लांबीचा काळाभोर चौकोन, कोणालाही दिसेल असा. दुसरा कोट घाल म्हणून मी सकाळी दोनदा सांगितलं होतं. तो बेडा, नको म्हणाला.

व्यासपीठावर लक्ष्मीदेवी, कर्नल, आणि मागे फोटोजवळ तो शर्ट. पांडुरंगराव माइकपाशी आले. शाल कर्नलसाहेब घालतील, ते म्हणाले, आणि पत्रिकेत गुंडूरावांच्या नावापुढे सेना मेडल असं आलंय, ती छपाईची चूक आहे, क्षमा असावी.

सुटका झाली, मी मनात म्हटलं. एवढी साधी, फुकटची सुटका. गुंडूनं फक्त बसून राहायचं होतं. त्याला बोलायची सक्ती कोणत्याच कायद्यानं केली नव्हती.

गुंडू उठला. त्यानं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "छपाईची नाही," तो म्हणाला. आवाज चिरका आला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "सत्तावीस वर्षांपूर्वी मी खोटं बोललो. चूक माझी आहे."

सगळे वळून बघू लागले. कर्नलही बघत होते. तेव्हा त्याच्या शेजारी वसंतावहिनी उठल्या, पदर सावरला, आणि त्याच्या कोपराला धरून म्हणाल्या, "दोघांची."

मग पांडुरंगरावांनी घाईघाईनं शाल मागवली आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला.